कॅश काऊंटरवरच्या मळमळीबद्दल, तुला

प्रिय पोरी,

शुक्रवारी पासबुक भरून घ्यायला बँकेत आले तेव्हाच मला कळलं होतं. तू कॅशला बसली होतीस, समोर मार्केट यार्डातला कुणी अडत्या, त्याने ते गुळाने चिकट झालेल्या नोटांचं बंडल काचेखालून सरकवलं आणि तू श्वास धरलास. नोटा मोजताना श्वास कोण धरतं गं. मग ड्रॉवरला किल्ली, 'दोन मिनिटं हं काका', आणि गेलीस आत. परत आलीस तेव्हा डोळे लाल, आणि मला म्हणालीस काय, तर ॲसिडिटी झालीय मॅडम, सकाळी मिसळ खाल्ली. मी काही बोलले नाही, कारण हेच वाक्य मी १९९७ साली असल्याच खुर्चीत बसून तीन आठवडे सगळ्यांना ऐकवलंय, फक्त मिसळीच्या जागी बटाटवडा होता.

रात्री तुझा तो लांबलचक मेसेज आला. आठवा आठवडा चालू, प्रोबेशन संपायला अजून चार महिने, सासूबाई म्हणतात आम्हाला नव्हतं बाई असलं काही, आणि शेवटी 'मॅडम मी कमजोर आहे का'. म्हणून हे निवांत बसून लिहितेय. तू एकदम वाचू नकोस, त्या दिवसांत मोबाइलची स्क्रीन बघून सुद्धा मळमळतं.

आधी ते कमजोरचं काढून टाकू. दहातल्या सात-आठ जणींना पहिल्या तीन महिन्यांत हे होतं. मॉर्निंग सिकनेस हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला दुपारी तीनची मळमळ माहीत नसावी, दिवसभर होते, रात्री पण होते. साधारण सहाव्या आठवड्याला सुरू, नवव्या-दहाव्याला कळस, बारा-चौदापासून उतरायला लागतं आणि सोळा-वीसपर्यंत बहुतेकींचं थांबतं. म्हणजे तू आत्ता पन्हाळ्याच्या चढावर आहेस, अजून थोडं चढायचंय, उगाच खोटं कशाला सांगू.

आणि सासूबाईंना झालं नसेल हे खरंही असेल. डिसेंबर २०२३ मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या साप्ताहिकात संशोधन आलं, माझ्या भाचीने मला समजावून सांगितलं, ती डॉक्टर आहे. जीडीएफ-१५ नावाचं एक हार्मोन असतं, दिवस गेले की ते बाळाकडून, वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या उलटीच्या जागेला जाऊन ढोसतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं तिला हा अचानक आलेला लोंढा जास्त बाधतो. म्हणजे कसं, जिला तिखटाची सवय नाही तिला तांबडा रस्सा जास्त झोंबतो, तसं. ह्या कामातल्या मार्लेना फेजो म्हणून बाई आहेत, त्यांना स्वतःला इतक्या उलट्या झाल्या होत्या की १९९९ साली पोटातलं मूल गेलं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी तक्रार मनावर घेतली नव्हती. त्यामुळे 'मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर सोडून दे. आपल्या आईला मात्र विचार तिला किती त्रास झाला होता, हे बऱ्याचदा माहेरच्या बाजूने येतं.

आता कामाचं. पोट रिकामं पडू द्यायचं नाही, माझ्या अनुभवात बाकी सगळं ह्याच्या खाली. खाल्लं की उलटी होईल म्हणून आपण खात नाही, मग रिकाम्या पोटात ॲसिड, मग आणखी मळमळ, मग आणखी खात नाही, असं ते चक्र. रात्री उशाशी चुरमुऱ्यांचा डबा ठेव. जाग आली की पाय खाली टाकायच्या आधी, पडल्या पडल्या मूठभर चुरमुरे नाहीतर दोन मारी बिस्किटं चावून खायची आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं, मग हळू उठायचं. नवऱ्याला सांग अंथरुणात चुरा पडेल, पडू दे. काऊंटरच्या ड्रॉवरमध्ये पण एक छोटा डबा, त्यात चुरमुरे आणि भाजकं डाळं, दर दीड-दोन तासाला दोन घास, भूक लागायची वाट बघायची नाही. भडंग नको हं, मला माहीत आहे तुला आवडतं, पण ते तेल आणि तो लसूण आत्ता नको. पाणी जेवणाबरोबर तांब्याभर पिऊ नकोस, मधल्या वेळात घोट घोट.

गरम जेवणाला वास असतो, गार जेवणाला कमी, हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच शोधलं. शिळी भाकरी आणि दही, दहीबुत्ती, ताकातल्या जोंधळ्याच्या कण्या, ह्यावर मी दीड महिना काढला. चौरस आहार वगैरे सगळं नंतर बघू. नवव्या आठवड्यात बाळ असतं द्राक्षाएवढं, त्याला आत्ता तुझ्याकडून दोन माणसांचं जेवण नकोय, तू जे पोटात ठेवू शकतीस ते खा.

तुझं नशीब बघ, नेमके चटणीचे दिवस आलेत. अख्ख्या गल्लीत मिरच्या वाळतायत, कांदा-लसूण भाजतायत, तिकडे डंकावर कुटायची लाईन. यंदा त्या लाईनला नवऱ्याला उभा कर. घरात चटणी भाजायची असेल त्या दिवशी तू सरळ माहेरी जा, किंवा रंकाळ्यावर जाऊन बस वारं खात, फक्त भेळेच्या गाड्यांपासून लांब. फोडणीचं काम पण दोन महिने दुसऱ्या कुणाकडे. सासूबाईंना हे सांगायला अवघड जातंय तर मी येते चहाला आणि बोलता बोलता सांगते, माझं ऐकतात त्या.

आलं खरंच चालतं, ह्यावर अभ्यास झालेत, दिवसाला एक ग्रॅमपर्यंत सुंठ पुरे. महाद्वार रोडला आल्याची वडी मिळते ती पर्समध्ये ठेव, कधी आमसूल चघळ. मी रुमालाला लिंबाची फोड चोळून ठेवायचे आणि तो त्या ओल्या स्पंजच्या डबीशेजारी, नोटांचा वास आला की नाकाला रुमाल. कस्टमरला वाटायचं बाईंना सर्दी झालीय.

एक अगदी बजावून सांगते. गावाकडची एखादी मावशी म्हणेल, मिश्री लाव थोडी, तोंडाला बरं वाटतं. अजिबात नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्याने बाळाचं वजन कमी भरतं. आणि माती, खडू, पाटीवरची पेन्सिल असलं काही खावंसं वाटायला लागलं तर ते डोहाळे म्हणून कौतुक करू नका, डॉक्टरांना सांगा, रक्त कमी असू शकतं.

ब्रश केला की उमासे येतात ना, मग उठल्या उठल्या करू नकोस, थोडं खाऊन, वेळाने कर. उलटी झाल्यावर तर लगेच नकोच, दातांवर ॲसिड असतं, नुसती पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भर आणि अर्ध्या तासाने ब्रश. फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही, सकाळी घेऊन पडत असेल तर रात्री झोपताना घे. लोहाच्या गोळ्या बहुतेक वेळा तीन महिन्यांनंतर देतात, तुझ्या गोळीत लोह असेल आणि त्यानेच मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घे.

गोळ्यांचं तू विचारलंस, की घरचे म्हणतात ह्या दिवसांत उलटीची गोळी घेतली की बाळाला अपाय. ही भीती हवेतून आलेली नाही. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतली, आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली, १९६१ मध्ये ती बंद केली. तेव्हापासून जगभर सगळे धास्तावलेत आणि ते बरोबरच आहे. पण डॉक्टर आत्ता जी देतात ती वेगळी, डॉक्सिलामिन आणि बी-सिक्स हे एकत्र. ती सुद्धा कोर्टकज्ज्यांमुळे १९८३ मध्ये अमेरिकेत कंपनीने बंद केली होती, मग इतक्या वर्षांच्या अभ्यासात तिच्यामुळे बाळाला अपाय होतो असं काही सापडलं नाही म्हणून २०१३ मध्ये तिथे परत आली. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून नाही, तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून घे. त्याने झोप येते एवढं लक्षात ठेव, म्हणून बहुतेक रात्री देतात, आणि गुंगी वाटत असेल त्या दिवशी ॲक्टिव्हा काढू नकोस, केएमटीच्या बसने ये.

आता माझी चूक ऐक. १९९७ चा मार्च, क्लोजिंगचे दिवस, चार दिवस माझ्या पोटात पाणी सुद्धा टिकत नव्हतं. मी एका दवाखान्यात गेले, तिथे म्हणाले सगळ्यांनाच होतं, घरी जा. मी पण शहाणी, गेले घरी, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. लघवी दिवसातून एकदा, ती पण काळ्या चहासारखी, तरी मला वाटलं ऊन आहे म्हणून. संध्याकाळी टॅली करताना पाचशे रुपये कमी, तीन वेळा मोजले, तिसऱ्या वेळी आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले आणि मी खुर्चीवरून घसरले. मग दुसरीकडे ॲडमिट केलं, दोन दिवस सलाईन. वजन पन्नासचं सेहेचाळीस झालं होतं. पाचशे रुपये नंतर सापडले, शंभराच्या बंडलात पाच नोटा जास्त बांधल्या होत्या मीच.

म्हणून सांगते, चोवीस तास पाणी टिकलं नाही, सात-आठ तास लघवीच झाली नाही किंवा फार गडद झाली, उभं राहिलं की चक्कर, उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणं, लघवीला जळजळ, किंवा वजन वीस किलोमागे एक किलो ह्या हिशेबाने उतरलं, ह्यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी. पैशाची अडचण वाटली तर सरळ सीपीआरला, सरकारी दवाखान्यात जा. आणि तिथे 'थोडी मळमळ आहे' असं लाजत सांगू नकोस, हिशेब सांग, दिवसात किती उलट्या, किती वेळा लघवी, शेवटचं काय पोटात राहिलं. कॅशियर आहेस, आकड्यात बोल. असल्या जास्त उलट्यांना वेगळं नाव आहे, वेगळे उपचार आहेत, आणि कधी जुळं किंवा थायरॉइड वगैरे काही आहे का ते पण बघतात.

बँकेत सांगायचं की नाही, ह्यात माझं मत पक्कं आहे, सांग. सगळ्या स्टाफला नको, मॅनेजर आणि हेड कॅशियर दोघांनाच. दोन महिने कॅशवरून काढून क्लिअरिंगला नाहीतर लोनच्या फायलींना बसवा म्हण, त्यात मेहेरबानी काही नाही, मळमळत्या माणसाकडून कॅश चुकली तर त्यांनाच ताप. प्रोबेशनची भीती वाटते ते कळतं मला, पण मॅटर्निटी लीव्हसाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं, तुझं झालंय, आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे.

लोक अजून एक करतील, उलट्यांवरून मुलगा का मुलगी सांगायला बसतील, त्यांना चहा पाजून वाटेला लाव. आणि एखाद्या दिवशी अचानक बरं वाटलं तर आता बाळाला काय झालं म्हणून रात्रभर जागू नकोस, असे मधले चांगले दिवस येतात. काही शंका असेल, रक्त दिसलं वगैरे, तर फोन करायचा डॉक्टरांना.

शिपाईमामांकडे तुझ्या नावाची पिशवी ठेवलीय. चुरमुरे, डाळं, आल्याची वडी, आणि झाकणाचा एक रिकामा पेढ्याचा डबा, तो कशासाठी ते तुला कळेलच, काऊंटरखाली उजव्या पायाशी ठेव. मी निघताना तू आत होतीस म्हणून आपलं कोल्हापुरी 'येतो गं' सुद्धा म्हणायचं राहिलं. सोमवारी बँक सुटली की फोन कर, किती वेळा लघवी झाली आणि कुठल्या रंगाची ते सांगायचं, लाजायचं नाही. सातपर्यंत फोन आला नाही तर मी घरी येते.

तुझी,
काऊंटर नंबर दोनची जुनी मालकीण