शंट करणे म्हणजे नेमकं काय?

‘अमुक अधिकाऱ्याला शंट केलं’ असं इंग्रजी बातमीत वाचलं. हे क्रियापद रेल्वेतलंच का, आणि मराठीत त्याला काय म्हणावं, असा प्रश्न आला आहे.

शंट रेल्वेमुळे सर्वतोमुखी झालं हे खरं, पण ते रेल्वेपेक्षा सहाशे वर्षांनी तरी थोरलं आहे. तेराव्या शतकापासून ते इंग्रजीत सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ दचकून बाजूला होणं, बुजणं. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या चौदाव्या शतकातल्या काव्यात शिकारी तलवार उगारतो आणि कोल्हा पात्याला भिऊन मागे सरतो, त्या जागी हेच क्रियापद आहे. आपण तिथे ‘अंग चोरलं’ म्हणू. टाळणे या अर्थाच्या ‘शन’शी त्याचं नातं असावं असा अंदाज आहे, खात्री नाही.

पुढे प्रमाण इंग्रजीतून ते जवळपास गेलंच, बोलीभाषांत तेवढं टिकलं. 1840च्या दशकात रेल्वेवाल्यांनी ते उचललं आणि डबे एका रुळावरून दुसऱ्यावर सरकवण्याला लावलं. भित्र्या कोल्ह्याचा शब्द लोखंडी वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना मिळाला! आपल्याकडे तर प्रवासी गाडीच्याही आधी शंटिंग आलं. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 साली. त्याआधी 1852 मध्येच गव्हर्नरांच्या नावाचं ‘फॉकलंड’ इंजिन मुंबईत कंत्राटदारांच्या शंटिंगच्या कामाला होतं.

पुण्याहून मनमाडकडे जाताना पूर्वी दौंडला इंजिन फिरवायचे ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. इंजिन सुटायचं, पुढे जायचं, सांधा बदलायचा, शेजारच्या रुळावरून आपल्या खिडकीसमोरून उलटं जायचं आणि मागून येऊन असा धक्का द्यायचं की हातातला चहा शर्टावर. मग गाडी उलट्या दिशेने निघायची आणि खिडकीसाठी भांडून मिळवलेली जागा वाऱ्याकडे पाठ करून बसायची.

वळवणे हाच धागा पुढेही दिसतो. विजेच्या मापकात बहुतेक प्रवाह बाजूने नेणारी जोडणी शंट, आणि मेंदूत साचलेलं पाणी पोटाकडे उतरवणारी नळीही शंटच.

आता मराठी. ‘सायडिंगला टाकलं’ हा रेल्वेचाच वाक्प्रचार आपल्याकडे रुळलेला आहे आणि बिनमहत्त्वाच्या जागी बदली झालेल्या अधिकाऱ्यासाठी तो चपखल बसतो. मात्र शंटमध्ये हलवण्यावर भर आहे, सायडिंगमध्ये पडून राहण्यावर. त्यामुळे एखाद्या अर्जदाराला या टेबलावरून त्या टेबलावर ‘शंट’ केलं असेल, तर तिथे सायडिंग चालणार नाही. तिथे मी सरळ विटीदांडूतलं ‘टोलवलं’ वापरेन. ‘स्थानांतरित केले’ मात्र कृपा करून नको, त्यात धक्काच लागत नाही.