‘मुलगा बोलायला लागला की देऊ’

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या एका आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या खोलीत परिचारिका आहे. आमच्याकडे ओमानी कुटुंबांबरोबर इजिप्त, सीरिया, येमेनमधलीही कुटुंबं येतात. दोन, चार, सहा महिन्यांच्या लसी बिनतक्रार होतात. पण बाळ वर्षाचं झालं आणि गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एमएमआर लसीची वेळ आली की काही आया अडतात. ‘मुलगा बोलायला लागला की देऊ’ म्हणतात. परवा एका बाळाची आजी म्हणाली, यात डुकराचं काहीतरी असतं. माझं अरबी कामापुरतंच. वरिष्ठ म्हणतात, नकाराच्या फॉर्मवर सही घ्या आणि पुढचा नंबर बोलवा. मला ते पटत नाही. हा धर्माचा प्रश्न आहे का? अशा वेळी बोलायचं तरी काय?
– एक परिचारिका, मस्कत

उत्तर : सिस्टर, सही घेऊन मोकळं होणं तुम्हाला पटत नाही, हे वाचूनच बरं वाटलं. ओमानच्या दाखिलिया भागात मी बरीच वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून काम केलं, त्यामुळे तुमची ती खोली डोळ्यांसमोर येते.

तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या लसी विनातक्रार होतात, मग हा धर्माचा प्रश्न कसा? धर्म आड येत असता तर पहिल्याच सुईला आला असता. ही भीती एका लसीची आहे आणि ती कुठून आली हेही माहीत आहे. 1998 मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या 12 मुलांवर एक लेख लिहिला आणि एमएमआरचा संबंध ऑटिझमशी, म्हणजे स्वमग्नतेशी जोडला. यात मुलाचं बोलणं अडू शकतं, म्हणून आया ‘बोलायला लागला की देऊ’ म्हणतात. पुढे उघड झालं, की लस कंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदीही लेखात बदललेल्या होत्या. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने लेख मागे घेतला, त्याच वर्षी त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची पाहणी झाली, ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

पण हे आकडे त्या आईपुढे मांडून उपयोग नाही. तिने लेख वाचलेला नसतो. तिने दिराचा मुलगा पाहिलेला असतो, जो वर्षाचा असताना ‘बाबा, मामा’ म्हणत होता आणि दीड वर्षाचा होता होता गप्प झाला. तिने जे पाहिलं ते खरं आहे. ते खोडू नका. ऑटिझमची लक्षणं लक्षात येतात तीच मुळी वर्ष-दीड वर्षाच्या सुमाराला, आणि ओमानमध्ये एमएमआरचे डोस 12 आणि 18 महिन्यांना असतात. दोन्ही एकाच वयात येतं, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. लस न घेतलेली मुलंही त्याच वयात गप्प होताना मी पाहिली आहेत. एवढं साध्या शब्दांत सांगितलं तर आया समजून घेतात.

त्याच्या आधी मात्र एक काम करा. आईला विचारा, ‘काय ऐकलंत? कोणाकडून?’ आणि मग गप्प बसा. मध्ये बोलू नका, सिरिंज हातात धरू नका. तिची भीती बोलण्याची असेल तर बाळाचं बोलणं तिथेच तपासा. नावाने हाक मारल्यावर वळतं का, हवं ते बोटाने दाखवतं का, बडबडतं का, मागून टाळी वाजवली तर दचकतं का. दोन मिनिटांचं काम, पण आईला दिसतं की तुम्हाला तिच्या मुलाच्या बोलण्याची काळजी आहे, फक्त रजिस्टर भरायचं नाही. शंका वाटली तर त्याच दिवशी कानांच्या तपासणीसाठी पाठवा. आणि तिला हेही सांगा, की गोवरामुळे कान फुटतात, क्वचित मेंदूला सूज येते आणि मूल कायमचं बहिरं होऊ शकतं. बोलणं यावं म्हणून ती ज्या लसीला थांबवते आहे, तीच लस त्याचे कान सांभाळते.

आता आजीबाईंचा आक्षेप. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. काही एमएमआर लसींत टिकवण्यासाठी डुकरापासून केलेलं जिलेटिन वापरतात, काहींत जिलेटिन नसतंच. तुमच्या केंद्रात कोणती लस येते, तिचं माहितीपत्रक नीट वाचून ठेवा. न वाचता ‘तसलं काही नाही’ म्हणू नका. उद्या खोटं ठरलं तर सगळ्या लसींवरचा विश्वास जाईल. जिलेटिन असेल तर तसं सांगा आणि सोबत हेही सांगा, की 1995 मध्ये कुवेतमध्ये इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार आणि डॉक्टर एकत्र बसले होते. मूळ पदार्थाचं रूप पूर्ण पालटलं की तो निषिद्ध राहत नाही, आणि असं जिलेटिन चालतं, असा त्यांनी निर्वाळा दिला. याच्यापुढे तुम्ही जाऊ नका. हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे, दाखले आपण देणं मला बरोबर वाटत नाही. ते केंद्रातल्या एखाद्या अरब सहकाऱ्याने किंवा त्यांच्या मशिदीतल्या इमामांनी सांगावं. तुम्ही फार तर एवढं विचारा, ‘हजला जाताना मेंदूज्वराची लस घेतली होती का?’ ती सक्तीची असते, हज केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आणि आजीला विरोधी पक्षात ढकलू नका. ओमान आणि बहरीनमधून गोवर आणि रुबेला हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये जाहीर केलं. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या पंचविशीतल्या आईने बहुधा गोवराचं मूल पाहिलेलंच नाही. आजीने पाहिलंय. आमच्याकडे एकदा सून मान हलवत होती आणि सासू भिंतीला टेकून बसली होती. मी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला मुलं किती? त्या म्हणाल्या, नऊ झाली. मग बोटांवर मोजत एकेकाचं नाव घेतलं आणि दोन बोटांशी थांबल्या. ‘हसबा’ म्हणाल्या. हसबा म्हणजे गोवर. दोघं एका आठवड्यात गेले होते. मला पुढे काही बोलावं लागलं नाही. सुनेने बाळाची बाही वर केली.

अरब पालक म्हणजे लसीला घाबरणारे, असं कोणी तुमच्यापुढे म्हणालं तर मान डोलावू नका. 2024 मध्ये गाझात 25 वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला, दहा महिन्यांचं बाळ. 1 सप्टेंबरपासून मोहीम सुरू झाली आणि डोक्यावर युद्ध असताना आईवडिलांनी रांगा लावून पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले. उलट मोरोक्कोत शांतता आहे, लस फुकट आहे, तरी कोविडनंतर शंका वाढल्या, लसीकरण घसरलं आणि ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या गोवराच्या साथीत 2025 च्या जानेवारीपर्यंत 120 जण दगावल्याचं तिथल्या आरोग्य खात्याने सांगितलं. माणसं तीच, भाषाही तीच. काय ऐकलं आणि कोणावर विश्वास ठेवला, एवढाच फरक.

लस दिल्यावर एक गोष्ट विसरू नका. सहा महिन्यांपर्यंतच्या लसींचा ताप एक-दोन दिवसांत येऊन जातो. एमएमआरचा ताप साधारण सहा ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही येतं. हे आधी सांगितलं नाही तर आठवडा शांत गेल्यावर बाळ तापलेलं पाहून आई हादरते आणि शेजारणीला सांगते, ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ पुढच्या चार जणी तिथेच अडतात. कार्डावर त्या तारखा लिहून द्या, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती ते लिहा. ताप मेंदूत जाईल का, असं विचारतील. तापात क्वचित झटका येऊ शकतो, काही हजार मुलांत एखाद्याला. भीतीदायक दिसतो, पण त्याने मेंदूला इजा होत नाही. तेही लपवू नका.

फॉर्मचं म्हणाल तर, नियम असेल तर सही घ्या. पण त्याच कागदावर दोन आठवड्यांनंतरची तारीख घालून द्या. आईला बाळाच्या नावाने हाक मारा, उम्म सालिम, उम्म युसूफ, म्हणजे सालिमची आई, युसूफची आई; ती ओशाळून परत जाणार नाही. वडील बहुतेक वेळा बाहेर गाडीत बसलेले असतात. त्यांना आत बोलवा. घरी गेल्यावर ‘तू का दिलीस?’ हे विचारणारे तेच असतात, तेव्हा तापाचं आणि पुरळाचं त्यांनाही त्याच खोलीत सांगा.