पद्मिनीची तिकोनी काच काढू नका

आजोबांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं काम काढलंत, हे वाचून फार आनंद झाला. गॅरेजवाला म्हणतोय की पुढच्या दारांच्या तिकोनी काचा काढून अखंड काच बसवू, चोक (थंड गाडी सुरू करताना ओढायचा खटका) काढून टाकू आणि स्टिअरिंगजवळचा हँड गिअर बदलून जमिनीवरचा फ्लोअर गिअर करू. तिन्हींना नाही म्हणा.

ती काच शोभेची नाही. जनरल मोटर्सने १९३३ मध्ये आपल्या गाड्यांना अशा फिरत्या काचा दिल्या, त्या वारा खेळावा म्हणूनच. गाडी वेगात असताना काच जराशी किलकिली केली की तिच्या मागच्या कडेला दाब कमी होतो आणि आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते. पूर्ण फिरवून उलटी केली की समोरचा वारा थेट अंगावर येतो. वीज नाही, मोटर नाही. पुढे एसी आले, शिवाय या काचेपाशी वारा घोंगावतो आणि तिची खिट्टी चोराला सहज उचकटता येते, म्हणून नव्या गाड्यांतून ती गेली. तुमच्या गाडीत त्या काचेपाशी पाणी गळतंय ते बहुधा वाळलेल्या रबरामुळे. रबर बदला, काच राहू द्या.

चोकचं कारण इंजिनात आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटून राहतं. चोक ओढला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि गाडी सुरू होते. इंजिनाचा आवाज जड, अडखळता झाला की चोक हळूहळू आत ढकला. तसाच राहिला तर ठिणगी देणारे प्लग काळे होतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. पेट्रोल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत हे काम सेन्सरच्या मदतीने आपोआप होतं. तुमच्या कार्ब्युरेटरला (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) सेन्सर नाही, मग चोक काढून सकाळी गाडी सुरू कशी करणार?

हँड गिअर अडकतो तो बहुतेक वेळा लिंकेजचे (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्या, झिजल्यामुळे. बुश बदला, लिंकेज सेट करून घ्या. फ्लोअर गिअरसाठी बॉडी कापली तर पुढचं सलग सीटही जाईल, आणि पुढे तिघं बसायची सोय त्या सीटमुळेच तर आहे.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होत्या. त्या टॅक्सींवर हात बसलेला जुना मिस्त्री शोधा आणि आधी लिंकेज त्याला दाखवा.