सहगुणक जुळले, म्हणून कोटी कळली का?

प्रश्न : नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्यापासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होण्याच्या अभिक्रियेवर क्लासच्या परीक्षेत गणित आले होते : प्रत्येक वायूची कोटी, म्हणजे दर त्याच्या संहतीच्या कितव्या घाताप्रमाणे बदलतो ती संख्या, काढायची होती. पहिल्या प्रयोगात दोन्ही वायूंची संहती लिटरला ०.०१० मोल आणि अभिक्रियेचा दर सेकंदाला लिटरमागे ०.००७ मोल होता. दुसऱ्यात नायट्रिक ऑक्साइड ०.०२०, ऑक्सिजन पूर्वीइतकाच, दर ०.०२८, तिसऱ्यात अनुक्रमे ०.०३० व ०.०२०, दर ०.१२६. फक्त ऑक्सिजन बदललेली जोडी न सापडल्याने मी समीकरणातील सहगुणक (रेणुसूत्रांआधीचे आकडे) २ आणि १ हेच कोटी म्हणून लिहिले. उत्तर बरोबर असूनही गुण का मिळाले नाहीत?
— बारावीची एक विद्यार्थिनी, मुलुंड, मुंबई

उत्तर : या बाबतीत मला तुमच्या शिक्षकांची बाजू घ्यावी लागेल, कारण येथे सहगुणक आणि कोटी जुळणे हा निव्वळ योगायोग आहे. आम्लाच्या उपस्थितीत अॅसिटोन आणि आयोडीन यांची जी अभिक्रिया होते, तिच्या समीकरणात दोघांचेही सहगुणक १ आहेत. पण आयोडीनची संहती दुप्पट केली तरी दर जागचा हलत नाही, कारण दर ठरवणाऱ्या संथ पायरीत आयोडीनचा सहभागच नसतो. त्याची कोटी शून्य येते, आणि समीकरणात अभिक्रियाकारक म्हणून न दिसणाऱ्या आम्लाची मात्र १.

आता तुमचे गणित. पहिल्या दोन प्रयोगांत नायट्रिक ऑक्साइड दुप्पट झाल्यावर दर चौपट झाला, म्हणून त्याची कोटी २. जोडी नसल्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही : पहिल्या प्रयोगाच्या तुलनेत तिसऱ्यात दर १८ पट आहे, त्यातील ९ पट वाढ तिप्पट झालेल्या नायट्रिक ऑक्साइडची, आणि उरलेली दुप्पट वाढ दुप्पट ऑक्सिजनची, म्हणजे ऑक्सिजनची कोटी १, एकूण कोटी ३ आणि दर स्थिरांक (दराला नायट्रिक ऑक्साइडच्या संहतीचा वर्ग गुणिले ऑक्सिजनची संहती याने भागून येणारी संख्या) ७,०००.

प्रयोगशाळेत आकडे इतके गुळगुळीत मिळत नाहीत. संहती दुप्पट केल्यावर दर ३.७ पट झाला, तर ३.७ च्या लॉगॅरिदमला २ च्या लॉगॅरिदमने भागून १.८९ मिळते, ते पाहून लगेच अपूर्णांकी कोटी जाहीर करू नये. सकाळचे एक आणि मुंबईतल्या मे महिन्याच्या भर दुपारचे दुसरे, असे वाचन घेतले असेल, तर आधी तापमानाचीच चौकशी करावी.