बोअरचे ‘दोन इंच’, धरणाचे क्युसेक आणि दोन वेगळे गॅलन

प्रश्न : साडेसहा इंची बोअरला गाडीवाल्याने ‘दोन इंच पाणी’ सांगितले. पाणी ५० फुटांवर उभे आहे. साडेसात एचपीची सबमर्सिबल ३५० फुटांवर सोडली. तक्त्याप्रमाणे ती ताशी १०,००० लिटर देते, पण पंधरा-वीस मिनिटांत पाणी तुटते. मोटर खराब आहे का?

उत्तर : मोटर चांगली आहे. घोळ ‘दोन इंच’ या शब्दांत आहे, कारण इंच हे लांबीचे माप आहे, प्रवाहाचे नाही. बोअरच्या बाबतीत हे इंच ९० अंशांच्या व्ही-नॉचवरचे (वाहत्या पाण्याला आडव्या लावलेल्या पत्र्यातल्या V आकाराच्या खाचेवरचे) असतात, म्हणजे खाचेच्या टोकापासून पाण्याची पातळी किती इंच वर उभी राहते ते. सूत्र फुटांत आहे : उंचीचा अडीचवा घात गुणिले २.५ केले की घनफूट प्रतिसेकंद, म्हणजेच क्युसेक मिळतात. दोन इंच म्हणजे ०.१६७ फूट. त्यावरून प्रवाह ०.०२८ क्युसेक येतो. एका घनफुटात २८.३२ लिटर, म्हणून सेकंदाला ०.८ लिटर, ताशी साधारण २,९०० लिटर.

आता तुमचा हिशेब. साडेसहा इंची बोअरमध्ये १०० फुटांच्या उभ्या पाण्यात २३ घनफूट, म्हणजे ६५० लिटर मावतात. मोटरच्या वर ३०० फूट पाणी, म्हणजे १,९५० लिटर साठा (आतल्या पाइपने व्यापलेली जागा इथे सोडून दिली आहे). मोटर ताशी १०,००० उपसते, झरे २,९०० भरतात, तूट ७,१०० ची. १,९५० लिटर संपायला सुमारे साडेसोळा मिनिटे लागतात. तुमचे घड्याळही तेच सांगते आहे.

डिलिव्हरीवर व्हॉल्व्ह बसवून उपसा ताशी २,५००-२,८०० वर आणा आणि पाणी टाकीत साठवा. मात्र इतक्या मोठ्या मोटरचा व्हॉल्व्ह फार आवळला तर तिला थंड ठेवणारा प्रवाह कमी पडतो आणि वाइंडिंग तापते. तेव्हा खरा इलाज लहान मोटर हाच. कोरडे चालणे थांबवणारे ड्राय-रन संरक्षण पॅनेलमध्ये असलेच पाहिजे. ठिबकला घेणार असाल तर ४ लिटरचे सुमारे सातशे ड्रिपर एका वेळी चालतील, त्यापुढे नाहीत.

याच प्रश्नात आणखी दोन गफलती नेहमी होतात. पहिली : ‘चार इंच म्हणजे दोन इंचांच्या दुप्पट’. तसे नसते. उंची दुप्पट झाली की प्रवाह ५.६६ पट होतो. तीन इंचांना ताशी ७,९६० लिटर, चार इंचांना १६,३५० लिटर. एक इंचाला सूत्राने ५१० येतात, पण इतके पातळ पाणी पत्र्याला चिकटून वाहते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नये. दुसरी : काहीजण दोन इंची पाइप भरून वाहिला की त्यालाही ‘दोन इंच’च म्हणतात. त्या पाइपात पाणी सेकंदाला ३ फूट वेगाने गेले तर ताशी ६,६७० लिटर, ६ फुटांनी गेले तर त्याच्या दुप्पट. म्हणून कोणी इंच सांगितले की आधी विचारावे : नॉचचे की पाइपाचे?

नॉच लावताना पट्टी खाचेत धरू नका. खाचेजवळ पाणी खाली झुकते. उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन, खाचेच्या टोकाच्या पातळीवर पट्टीचे शून्य ठेवून मोजा. वाचन दहा टक्के कमी आले तर प्रवाह २३ टक्के कमी निघतो. कंप्रेसर चालू असताना उडणारे पाणी म्हणजे बोअरची कायमची आवक, असेही धरू नका.

प्रश्न : कोयनेतून २०,००० क्युसेक विसर्ग अशी बातमी आली, तर दिवसात किती टीएमसी पाणी जाते?

उत्तर : क्युसेकला ११,५७४ ने भागा, दिवसाचे टीएमसी मिळतील. इथे १.७३ टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि दिवसात ८६,४०० सेकंद. त्यातून हा भाजक निघतो. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, त्यामुळे आवक शून्य धरली तरी एवढ्या विसर्गाने धरण रिकामे व्हायला दोन महिने लागतील. बातमी वाचताना दरवाज्यांचा विसर्ग आणि पायथा वीजगृहाचा विसर्ग वेगळे दिले आहेत का ते पाहा. नदीत दोन्हींची बेरीज येते. पोफळीच्या वीजगृहाकडे जाणारे पाणी यात धरायचे नाही, ते वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरते. आणि ‘क्युसेक प्रतिसेकंद’ लिहिणाऱ्यांनी हात आवरावा, सेकंद त्या शब्दातच आहे. क्युमेक (घनमीटर प्रतिसेकंद) हवे असतील तर ३५.३ ने भागा : ५६६.

प्रश्न : परदेशातून आणलेल्या जुन्या पंपाच्या पाटीवर १०० जीपीएम (गॅलन प्रतिमिनिट) आहे. लिटरमध्ये किती?

उत्तर : गॅलन कोणता, यावर ते ठरते. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ चा. पहिला १८२४ च्या कायद्याने दहा पौंड पाण्यावर बेतला, दुसरा त्याआधीच्या इंग्लंडातल्या २३१ घनइंची दारूच्या गॅलनवरून अमेरिकेत टिकला. म्हणून १०० जीपीएम म्हणजे ताशी २७,२७७ लिटर किंवा २२,७१२. फरक साडेचार हजारांच्या वर.

पाटीवर ‘यूएस’ किंवा ‘आयजीपीएम’ (इम्पीरियल, म्हणजे ब्रिटिश जीपीएम) नसेल तर पुस्तिकेतले एचपीचे सूत्र बघा. जीपीएम गुणिले हेडचे (पाणी चढवण्याच्या उंचीचे) फूट भागिले ३,३०० असेल तर ब्रिटिश, ३,९६० असेल तर अमेरिकी. तेही नसेल तर मोजा. ५०० लिटरची टाकी १०० ब्रिटिश गॅलनने ६६ सेकंदांत भरते, अमेरिकीने ७९ सेकंदांत. २०० लिटरच्या ड्रमवर हा फरक जेमतेम पाच सेकंद उरतो, म्हणून टाकी मोठी घ्या, ५०० ची खूण मोजलेल्या बादलीने करून घ्या आणि चाचणी तीनदा करा. पाटीवरचा प्रवाह ज्या हेडला दिला आहे त्याच हेडवर मोजायला हवे. नळी जमिनीवर सोडून मोजाल तर अमेरिकी पंपही ब्रिटिश भासेल.