मुक्त सॉफ्टवेअरचा जुनाट लोगो मी नवा करून फुकट दिला तर घेतील का?

तुम्ही कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहात, रोज वापरता त्या मुक्त सॉफ्टवेअरचा (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा) लोगो तुम्हाला वीस वर्षं जुना वाटतो, चार नवे पर्याय तयार आहेत आणि विचारताय की पाठवू का. नका पाठवू. निदान आत्ता तरी नको.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो. दिवसा वाढदिवसाच्या शुभेच्छा, रात्री मुक्त सॉफ्टवेअरसाठी आयकॉन. सहा-सात वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखंच केलं होतं. एका छोट्या प्रकल्पाला कुणालाही न विचारता चौदा लोगो पाठवले, सोबत ते कपावर आणि टी-शर्टवर कसे शोभतील याची चित्रं. आठवडाभर सगळे गप्प. मग एकानं विचारलं, आत्ताच्या लोगोमुळे नेमकं अडतंय कुठं? मला सांगता येईना. ‘जुना दिसतो’ हे माझं मत झालं, अडचण नव्हे. तेव्हा मात्र डोकं फिरलं. फुकट देतोय आणि वर यांचे नखरे!

डोकं ठिकाणावर आणलं ते रेडियमवाल्यानं. चौदातला माझा लाडका लोगो गाडीवर लावायचा म्हणून त्याच्याकडं गेलो. त्यानं फाइल उघडली, मोठी करून बघितली आणि म्हणाला, “भावा, ह्यात सात निळे हाईत. माझ्याकडं निळा रोल एकच हाय. कुठला ठेवू?” तरी मी हट्टानं कापून घेतला. मशीनचं पातं फक्त कडेनं फिरतं, छटा त्याला कळत नाही. नको तो भाग तो चिमट्यानं सोलायला लागला आणि माझ्या नाजूक रेघा त्याच्याबरोबर उठून आल्या. हातात उरला तो निळा ठिपका.

आता फेडोरा या मुक्त संगणक प्रणालीचं बघा. त्यांनी 2018 मध्ये लोगो बदलायची चर्चा उघडपणे सुरू केली, तेव्हा आधी मांडली ती कारणं. जुना लोगो एका रंगात छापता येत नव्हता, गडद पार्श्वभूमीवर नीट बसत नव्हता, त्यातला ‘एफ’ बघून लोकांना फेसबुक आठवायचं. म्हणजे आमच्या रेडियमवाल्याचीच तक्रार, फक्त इंग्रजीत. पर्याय लोकांसमोर ठेवले, शिव्या-ओव्या दोन्ही ऐकल्या, फेरफार केले, आणि नवा लोगो प्रत्यक्ष वापरात यायला 2021 उजाडलं. पगारी डिझायनर आणि मोठा समुदाय असून एवढा वेळ. तुमचे चार पर्याय रविवारी संध्याकाळी स्वीकारले जातील ही आशा सोडा.

आणि हे कोल्हापूरच्या माणसाला तरी सांगायला नको. पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांना जाऊन म्हणा बरं, तुमची जर्सी डोळ्यांना बरी दिसत नाही, मी नवी शिवून आणलीय, फुकट. पुढचं तुमचं तुम्ही बघा. ज्यानं दहा वर्षं त्या सॉफ्टवेअरच्या चुका दुरुस्त केल्यात, तो लोगो त्याची जर्सी आहे. ती वाकडी असली तरी त्याची आहे.

लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा पेंग्विन टक्स लॅरी युइंग यांनी 1996 मध्ये काढला, तोही गिंप या चित्रं करायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये. लोगोच्या स्पर्धेत तो जिंकला नाही. तरी लोकांनी उचलला आणि आज लिनक्स म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येतो. एक कारण मला असं वाटतं की तो वापरायला, बदलायला परवानगी होती. श्रेय द्या म्हणजे झालं.

मग करायचं काय? कुणालाच करायला नको असलेलं काम उचला. टूलबारमधला एखादा आयकॉन अंधाऱ्या थीममध्ये दिसेनासा होतो, तो दुरुस्त करा. 16 पिक्सेलच्या चौकोनात कात्री कात्रीसारखी दिसेल अशी काढून बघा. पोर्ट्रेट सोपं वाटेल. मोठ्या चित्राची हौस असेल तर डेबियन ही लिनक्सवरची प्रणाली नव्या आवृत्तीसाठी लोकांकडून चित्रं मागवते, तिथं पाठवा.

फाइल एसव्हीजीच द्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, कुठंही उघडणारी. आपल्याकडं सगळं कोरलड्रॉमध्ये चालतं, पण त्यातली तुमची सीडीआर फाइल उघडायला समोरच्याकडं ते सॉफ्टवेअर नसणार. एसव्हीजी काढायला इंकस्केप हे सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट नसला तरी दिसतील अशा रेघांत बदलून) एक प्रत द्या आणि कर्व्ह न केलेली दुसरीही ठेवा. आणि फॉन्ट! डीटीपीच्या दुकानात पेन ड्राइव्हवरून फिरणारे फॉन्ट तिथं अजिबात चालत नाहीत. मुक्ता, बालू असे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट घ्या. चित्र कोणत्या परवान्याखाली देताय ते स्पष्ट लिहा आणि श्रेयाच्या यादीत नाव मागून घ्या. मागायला लाजू नका.

फुकट करावं का, यावर माझा हिशेब सरळ आहे. प्रोग्रामर फुकट राबत असतील तर मीही राबतो. प्रोग्रामरना कंपनी पगार देते आणि लोगोसाठी मात्र ‘स्पर्धा’ ठेवते, तिथं मी दरपत्रक पाठवतो. आजवर एकाचंही उत्तर आलेलं नाही, ते सोडा.

त्या छोट्या प्रकल्पात मी पुढं आठ महिने आयकॉन काढत बसलो. मग त्यांनीच विचारलं, लोगो जरा बघतोस का? चौदातला एकही मी पुढं केला नाही. त्यांचाच जुना घेतला, दोन छटा काढल्या, एक रेघ जाड केली. बदललाय हे बहुतेकांना कळलंही नाही.

गेल्या महिन्यात तो कापून घ्यायला गेलो. एक रोल, एक रंग, दोन मिनिटांत सोलून हातात. गाडीवर चिकटवून वरून बोट फिरवत रेडियमवाला म्हणाला, “झ्याक बसलाय. पर कुठल्या तालमीचा म्हणायचा हा?”