‘सोर्स करणे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: “गाडीच्या परीक्षणात ‘कंपनीने ट्रान्समिशन बाहेरून सोर्स केले आहे’ असे वाचले. ‘सोर्स करणे’ला नेमका मराठी शब्द कोणता? आणि ट्रान्समिशनला पारेषण म्हणावे का?”

पारेषण नको. तो शब्द विजेच्या संदर्भात पक्का रुजला आहे आणि त्यात लांबवर वाहून नेण्याचा अर्थ आहे. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते ती हातभर अंतरावर, वेग आणि जोर यांची अदलाबदल होत. बोलण्यात ‘गिअरबॉक्स’ मुरलेला आहे, तोच लिहावा. सीव्हीटी या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या प्रकारात मात्र सहसा पायरीपायरीचे गिअर नसतात, दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा असतो. तिथे ‘ट्रान्समिशन’ अधिक बरोबर.

आता ‘सोर्स करणे’. याला एकच प्रतिशब्द शोधू नये असे मला ठामपणे वाटते, कारण मराठीत त्याहून नेमकी क्रियापदे आहेत. बीएमडब्ल्यू आपल्या बऱ्याच गाड्यांसाठी झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वापरते. इथे ‘झेडएफकडून घेते’ एवढे पुरे. क्रायस्लरने त्याच गिअरबॉक्सचा परवाना घेऊन तो अमेरिकेत कोकोमोच्या आपल्या कारखान्यात तयार केला. इथे ‘झेडएफकडून घेतला’ लिहिले तर चूक होईल. ‘परवान्यावर बनवला’ म्हणावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स एकमेकींच्या स्पर्धक, तरी दहा गिअरांचा ऑटोमॅटिक त्यांनी ‘मिळून विकसित केला’ आणि बनवला आपापल्या कारखान्यांत. मर्सिडीजचा नऊ गिअरांचा ऑटोमॅटिक ‘घरचा’. फोक्सवॅगनने 2003 मध्ये डीएसजी हा दोन क्लचचा गिअरबॉक्स आणला, तेव्हा गिअरबॉक्स घरचा असला तरी त्यातल्या दुहेरी क्लचचे तंत्र बोर्गवॉर्नर या अमेरिकी कंपनीचे होते. असा तपशील एका ‘सोर्स’खाली झाकला जातो.

आणि ‘बनवून घेणे’ तर आपले फार सुंदर क्रियापद आहे. काम दुसऱ्याच्या हातून होते, पण माप, गरज आणि पसंती आपली, हे सगळे त्या दोन शब्दांत येते. तयार वस्तू ‘विकत घेणे’ वेगळे आणि आपल्या इंजिनाला जुळेल अशी ‘बनवून घेणे’ वेगळे. ‘स्रोतीकरण’ असा घडवलेला शब्द हा फरक दाखवू शकत नाही.

जाता जाता, झेडएफ या अक्षरांमागचा मूळ जर्मन शब्द ‘त्सानराडफाब्रिक’. अर्थ सरळ, दातेरी चाकांचा कारखाना. 1915 साली फ्रीडरिक्सहाफेन इथे तो सुरू झाला तो मुख्यतः झेपेलिन हवाईजहाजांना चांगली दातेरी चाके हवी होती म्हणून.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘या गाडीतला गिअरबॉक्स कंपनीने बाहेरून घेतला आहे.’ तो खास या गाडीसाठी तयार झाला असेल तर ‘बाहेरून बनवून घेतला आहे.’